जुने शेल भंगारात टाकू नका!

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या ट्रॅक्टरांची कामं निघतात. कुणाचा क्रँक ग्राइंडिंगला, कुणाचं अख्खं इंजिन खाली. काम केलेलं इंजिन महिनाभरात ठोकायला लागलं की बोल लागतो बेअरिंगच्या मालाला. बहुतेक वेळा हा अन्याय असतो! खरं कारण शेलवरच, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पाकळीवरच उमटलेलं असतं. ते न बघताच नवा सेट बसला, तर तोही जाणार.

गंमत बघा, चालू इंजिनात क्रँक बेअरिंगला टेकतच नाही. मध्ये तेलाचा थर असतो, जोर पडला की अवघ्या काही मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन! 1883 च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर या इंजिनिअरने चाचणीच्या बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर तेल उसळून बाहेर आलं. त्याने लाकडी बूच ठोकलं. तेलाने तेही बाहेर ढकललं. हा दाब आस फिरल्यानेच तयार होतो.

परळीच्या औष्णिक केंद्रातले 250 मेगावॅटचे संच मिनिटाला 3000 फेरे घेतात, तेही अशाच तेलावर. अशा मोठ्या टर्बाइनचा रोटर सुरू करण्याआधी पंपाच्या तेलाने उचलतात. ट्रॅक्टरला ती सोय नाही. म्हणून नवं बांधलेलं इंजिन डिझेल बंद ठेवून, थांबत थांबत स्टार्टर मारून आधी ऑइल प्रेशरवर आणायचं.

आता शेल वाचू. आधी सगळे क्रमाने मांडा. एकाच कडेला घासलेत? रॉड वाकडा किंवा जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) निमुळतं. रॉडचे फक्त वरचे शेल खचलेत? कमी आरपीएमवर जड ओझं ओढलंय. मांजरसुंब्याचा घाट, मागे दोन भरल्या ट्रॉल्या आणि वरचा गिअर. पाठीवर डाग आणि पुढून नेमकं तिथेच घासलेलं, म्हणजे बसवताना मागे कण राहिला. मऊ धातूत रुतलेले ठिपके आणि गोल चरे हा कचऱ्याचा पुरावा. अकाली गेलेल्या बेअरिंगांमागे सर्वांत जास्त वेळा कचराच सापडतो. ग्राइंडिंगहून आलेला क्रँक कितीही चकचकीत दिसो, त्याच्या तेलाच्या भोकांत पूड असते. ब्रश घालून ती धुतलीच पाहिजेत.

नवे शेल बसवताना एक बघा. बहुतेक इंजिनांत मेन बेअरिंगच्या फक्त वरच्या शेलला तेलाचं भोक असतं. वरचा खाली गेला की तेलाची वाटच बंद!

आणि शेलवरची ती छोटी जीभ? शेल तिच्यामुळे फिरत नाही, असं पुष्कळ जण मानतात. ती फक्त जागा दाखवते. शेलची कड किंचित वर ठेवलेली असते. कॅप आवळली की ती दाबली जाऊन शेल घट्ट बसतो. त्या कडेला कानस लावू नका, आणि बोल्ट अंदाजाने नाही, टॉर्क रेंचनेच आवळा.