पट्टी आधी, पाणी नंतर : गावोगावच्या नाराजीचा हिशेब

मार्चअखेर जवळ आली की ग्रामपंचायतीच्या वसुलीला जोर चढतो. दवंडी होते, घरोघर मागणी बिलं जातात, थकबाकीदारांची यादी फळ्यावर लागते. घरपट्टी लोक कुरकुरत का होईना भरतात. पाणीपट्टीचं नाव काढलं की मात्र पारावर आवाज चढतो. "नळ बसवला तेव्हा फुकट म्हणाले, आता पट्टी कसली?" "चार दिसांनी एकदा पाणी, आन् पट्टी बारा महिन्यांची?" अशी बोलणी ऐकली नाहीत असं गाव आज सापडणं कठीण.

ही नाराजी नुसती पैशाची नाही. ती नीट समजून घेतली नाही, तर लाखो रुपयांच्या योजना बंद पडून बायाबापड्यांच्या डोक्यावर पुन्हा हंडा येईल.

पट्टी आली कुठून?

१९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर आणि हातपंप आले. पुढे टाकी, चौकातला सार्वजनिक नळ आणि मग घरात नळ असा प्रवास झाला. पाणीपट्टी बसवण्याचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये पहिल्यापासून आहे. सामान्य पाणीपट्टी सर्वांसाठी आणि विशेष पाणीपट्टी खासगी नळजोडणी घेणाऱ्यासाठी. चौकातल्या नळावर भागत होतं तोवर रक्कम किरकोळ होती, म्हणून ती कुणाला बोचली नाही.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झालं. घरोघर नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, असं त्याचं उद्दिष्ट. आधी मुदत २०२४ ची होती, २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवली. गावातल्या कामाच्या खर्चात १० टक्के लोकवर्गणी ठरली. डोंगरी, जंगली भागात आणि अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत ५ टक्के. ती रोख, साहित्य किंवा श्रमदान अशी कशीही देता येते. योजना उभी राहिल्यावर ती चालवायची मात्र गावाने. इथंच ठिणगी पडते. उद्घाटनाच्या भाषणात नळाचं कौतुक झालं, वीज बिलाचा विषय कुणी काढलाच नाही. लोकांना पट्टी कळली ती थेट बिल हातात पडल्यावर.

हिशेब मांडून पाहू

समजा गावात २०० घरं आहेत आणि लोकसंख्या १०००. माणशी ५५ लिटर म्हणजे रोज ५५ हजार लिटर पाणी उचलावं लागणार. वीज, पाणी सोडणाऱ्याचं मानधन, टीसीएल पावडर, व्हॉल्व्हची आणि मोटारीची दुरुस्ती मिळून महिन्याला २० हजार रुपये लागतात असं धरू. म्हणजे घरामागे महिना १०० रुपये, वर्षाला १२००. लिटरमागे जेमतेम सव्वा पैसा.

हाच गावकरी शुद्ध पाण्याच्या यंत्रात पाच रुपयांचं नाणं टाकून वीस लिटरचा जार भरतो, म्हणजे लिटरला २५ पैसे. तरी तिथं तो भांडत नाही. का? कारण तिथं नाणं पडलं की पाणी येतं. इथं पट्टी भरूनही पाणी येईल याची खात्री नाही. सगळ्या भांडणाचं मूळ हेच आहे.

आता दुसरी बाजू. २०० पैकी १०० घरांनीच पट्टी भरली तर १० हजार जमतात. वीज बिल थकतं. थकलं की महावितरण पंपघराचा पुरवठा तोडतं. मग भरणारा आणि न भरणारा दोघंही एकाच टँकरच्या रांगेत. पुढच्या साली भरणारा म्हणतो, मी तरी कशाला भरू?

राग कुठं खरा आहे?

एक, सरसकट पट्टी. टाकीजवळच्या घराला धो धो पाणी आणि उंचावरच्या किंवा शेवटच्या वस्तीला करंगळीएवढी धार. पट्टी दोघांना सारखीच. त्यात मधल्या काहींनी नळाला थेट मोटार लावलेली.

दोन, ऊसतोडीला जाणारी घरं. दिवाळीनंतर घराला कुलूप लागतं, ते चार-पाच महिन्यांनी उघडतं. मागणी मात्र बारा महिन्यांची.

तीन, जनावरं. ५५ लिटर हे माणसाचं माप. एक दुभती म्हैस दिवसाला पन्नास-साठ लिटर सहज पिते. ज्याच्या दावणीला चार जनावरं आहेत, त्याला "पाणी जपून वापरा" सांगणं सोपं, पाळणं अवघड.

चार, दाखल्यांची अडवणूक. रहिवासी दाखला पाहिजे तर आधी पट्टी भरा, असं ऐकवलं जातं. कायद्यात वसुलीची रीतसर वाट कलम १२९ मध्ये दिलेली आहे : बिल, मागणीचा हुकूम आणि शेवटी जप्ती. गरजवंताला खिडकीवर अडवून पैसे येतात, पण विश्वास जातो.

पाच, गावपुढाऱ्यांची थकबाकी. कलम १४ प्रमाणे रीतसर बिल मिळूनही तीन महिन्यांत ग्रामपंचायतीचं येणं न भरणारा माणूस सदस्यपदाला अपात्र ठरतो. म्हणून अर्ज भरायच्या वेळी काही मंडळींची पट्टी एका दिवसात भरली जाते. लोकांना हे दिसतं.

परदेशातला धडा

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. आयर्लंडमध्ये सरकारने २०१३ मध्ये पाण्यासाठी कंपनी काढली आणि २०१४ पासून घरगुती पाण्याला दर लावला. आम्ही करातून पैसे देतोच, पुन्हा कशाला, म्हणत लोक हजारोंनी रस्त्यावर आले, मीटर बसवणाऱ्यांना अडवलं. २०१६ मध्ये वसुली थांबली, २०१७ मध्ये कायदा करून आधी भरलेले पैसेही परत देण्यात आले. पण तिथं तो बोजा सरकारी तिजोरीने उचलला. आपल्या योजनेची तिजोरी म्हणजे ग्रामपंचायत. तिने पट्टी सोडून दिली तर पंप कोण चालवणार?

करायचं काय?

पहिली गोष्ट, योजनेचा जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लावा. वीज बिल किती, पावडर किती, दुरुस्ती किती, जमा किती. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील निधीपैकी ६० टक्के बंधित होता, आणि त्यातला निम्मा पिण्याचं पाणी, पाऊसपाणी साठवण अशा कामांसाठी होता. आपल्या गावात तो कुठं गेला, हे गावकऱ्याने ग्रामसभेत विचारावं आणि सरपंच-ग्रामसेवकांनी न चिडता सांगावं. (ग्रामसेवकांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असं झालं आहे.)

दुसरी, पाण्याचं वेळापत्रक वस्तीवार ठरवा आणि पाळा. शेवटच्या वस्तीला आधी पाणी सोडून पाहा. थेट मोटारी सर्वांच्या काढा, सदस्याच्या घरापासून सुरुवात करून.

तिसरी, पट्टी एकदम न मागता हप्त्याने घ्या. दुधाचा पगार किंवा उसाचं बिल हाती येतं तेव्हा माणूस देऊ शकतो. स्थलांतरित घरांसाठी आणि लांबलेल्या बंद काळासाठी सवलत काय देता येईल, ते ग्रामसभेत मांडा आणि नियमात बसवून घ्या.

चौथी, ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असाव्यात असं मिशन सांगतं. त्या कागदावर सहीपुरत्या नकोत. पाणी कधी आलं, किती वेळ आलं, याची वही त्यांच्याकडे द्या. पाणी आलं नाही तर हंडा त्यांनाच उचलावा लागतो, त्यामुळे ती वही खोटी निघणार नाही.

शेतकरी बंधूंनो, पट्टी भरू नका असं सांगणारा गावाचा हितकर्ता नव्हे. पण पाणी न देता पट्टी मागणाऱ्यालाही जाब विचारलाच पाहिजे. पावती घ्या, जपून ठेवा आणि येत्या ग्रामसभेत ती पुढे करूनच बोला. पट्टी भरलेल्या माणसाचा प्रश्न सरपंचाला टाळता येत नाही.