घरात बोलली तरच जगते



पाण्याला ‘जोप्पो’, विस्तवाला ‘आपो’ आणि डोळ्याला ‘जिकी’ म्हणणारी माणसं आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात राहतात. त्यांची भाषा निहाली. बोलणारे उरलेत जेमतेम दोन-अडीच हजार. तिनं कोरकू, मराठी, हिंदीतून पुष्कळ शब्द घेतले. पण तिचा गाभा वेगळाच आहे. जगातल्या कोणत्याही भाषेशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही. तिला स्वतःची लिपी नाही. दहा हजारांहून कमी लोक बोलत असतील, तर जनगणनेच्या भाषायादीत तिचं नाव वेगळं येतही नाही.

मग ती आजवर टिकली कशी? आईनं लेकराशी बोलून.

आणि अशी भाषा जाते कशी? बाजारात, कामावर दुसरी भाषा लागते. शाळेत मुलाला हसतात, म्हणून आई घरीही मराठीतच बोलू लागते. त्या मुलाला आजीचं बोलणं कळतं, पण बोलता येत नाही. त्याच्या मुलांना कळतही नाही. अंदमानात २०१० साली बोआ सिनियर ही म्हातारी वारली आणि तिच्याबरोबर ‘बो’ ही भाषा बोलणारं शेवटचं माणूस गेलं.

आईचं यात चुकत नाही, ती लेकराचं भलंच बघते. पण एक लक्षात ठेवा. लहान मूल दोन-तीन भाषा सहज शिकतं. घरच्या बोलीमुळं त्याची मराठी कच्ची राहत नाही.

तुमच्या घरी निहाली असो, कोरकू, वारली की कातकरी, एवढं करा. मुलाशी रोज घरच्या बोलीत बोला. सासूबाईंना, आजीला विचारून त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. नुसते सुटे शब्द नकोत. रानभाजी कशी ओळखायची, बाळंतिणीला काय द्यायचं, हे त्यांना त्यांच्याच भाषेत सांगू द्या. आधी नाव, गाव, तारीख बोलून घ्या. ते कुणाला ऐकवायचं आणि कुणाला नाही, हे मात्र त्यांनीच ठरवायचं. रेकॉर्डिंग दोन ठिकाणी जपून ठेवा. मोबाइल बिघडला की सगळंच जातं.

पण रेकॉर्डिंगमधला आवाज लेकराला उत्तर देत नाही. ते तुम्हीच द्यायचं. आज रात्री जेवायला वाढताना पाणी मागा, तुमच्या आजीच्या शब्दात.