चालू लॅपटॉप हलविला असतां त्यांतील हार्ड डिस्कला अपाय होतो काय ?

गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें धुंडाळणाऱ्या संग्राहकाच्या झोळींत पूर्वीं बोरू, दौत व कोरे बंद असत. आतां त्यांच्या जागीं लॅपटॉप आला आहे. रुमाल सोडावा, पान उजेडांत धरून त्याची प्रतिमा घ्यावी आणि ती तेथल्या तेथें यंत्रांत सांठवावी, असा क्रम आतां रूढ झाला आहे. हें काम चालू असतांच यंत्र ओसरीवरून माजघरांत, माजघरांतून माडीवर न्यावें लागतें. तें तसेंच न्यावें, कीं आधीं बंद करावें, याविषयीं संग्राहकांत दोन पक्ष आढळतात. एक पक्ष म्हणतो, चालू यंत्राला धक्का लागला कीं आंतील सर्व लेखन गेलेंच म्हणून समजावें. दुसरा म्हणतो, जें यंत्र वागविण्यासाठींच घडविलें, त्याला हलविण्याची भीति कसली? मूळ पोथी कसरीनें खाल्ल्यावर पुष्कळदां ही प्रतिमाच काय ती उरते. तेव्हां हा वाद केवळ कारागिरांवर सोंपवून चालणार नाहीं.

आमच्या मतें उभय पक्षांचा घोटाळा 'हलविणें' ह्या एका शब्दांत आहे. वैशेषिकांनीं कर्माचे उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण व गमन असे पांच भेद मानिले आहेत. हा विवेक येथेंही ठेविला पाहिजे. कारण गमनानें ह्या यंत्राचें कांहीं बिघडत नाहीं, आणि अवक्षेपणाच्या शेवटीं जो आघात होतो त्यानें सर्वस्व जाऊं शकतें.

प्रथम आंत काय आहे तें पाहूं. हार्ड डिस्क म्हणजे एका धातूच्या डबींत आंसावर फिरणाऱ्या एक किंवा अनेक गुळगुळीत तबकड्या. लॅपटॉपांतील तबकडीचा व्यास सुमारें ६५ मिलिमीटर असून ती बहुधा मिनिटास ५,४०० फेरे घेते. म्हणजे तिचा कांठ ताशीं सुमारें ६६ किलोमीटर वेगानें धांवत असतो. तिच्यावर एका बारीक भुजेच्या टोंकाशीं लिहिणारें व वाचणारें 'हेड' असतें. बोरू कागदाला टेंकल्याशिवाय अक्षर उमटत नाहीं. हें हेड मात्र तबकडीला टेंकलें तर अक्षर पुसतें. फिरत्या तबकडीबरोबर जी हवा ओढली जाते तिच्या पातळ थरावर तें तरंगत असतें. हें अंतर कांहीं नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटराचे कांहीं दशलक्षांश, इतकेंच. पोथीचें एक साधें पान त्याच्या कित्येक सहस्रपट जाड भरेल. हवेवर भिस्त असल्यामुळेंच सुमारें ३,००० मीटरांपलीकडील उंचीवर अशी डिस्क चालवूं नये असें उत्पादक सांगतात. आपल्याकडील कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटरांचें. तेव्हां किल्ले पाहणाऱ्यांना ह्या कलमाची चिंता नको. लेहच्या बाजूस जाणाऱ्यांनीं तें ध्यानांत ठेवावें.

ह्या यंत्राचा मूळपुरुष १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथें सिद्ध केला. त्यांत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारें एक टन होतें, आणि इतक्या पसाऱ्यांत सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. हेड तबकडीपासून दूर राखण्यासाठीं दाबलेली हवा सोडावी लागे. अशा धुडाला चालू असतां कोणी उचलील ही शंकाच उद्भवत नव्हती. आजचा प्रश्न यंत्र मांडीवर आल्यानंतरचा आहे.

आतां गमन. यंत्र दोन्ही हातांनीं सपाट धरून सावकाश नेलें, तर डबी, तबकडी व हेड हीं तिन्ही एकत्रच पुढें जातात. परस्परांतील अंतर बदलत नाहीं. धांवत्या आगगाडींत बसलेल्याच्या हातांतील पोथी जशी त्याच्यापासून दूर जात नाहीं, तसेंच हें. झटकन् उलटेंपालटें फिरविलें असतां मात्र फिरती तबकडी भोंवऱ्याप्रमाणें आपलें प्रतल सोडण्यास विरोध करते व आंसावर ताण पडतो. सावकाश कललें तर तो नगण्य होय. कंपाचीही गोष्ट वेगळी आहे. कंपानें हेड आपल्या वाटेवरून किंचित् ढळतें, परत येतें व पुन्हां वाचूं लागतें. त्यांत वेळ जातो, लेखन जात नाहीं. २००८ सालीं ब्रेंडन ग्रेग यांनीं चालू डिस्कांपुढें मोठ्यानें ओरडून त्यांचें काम त्या क्षणापुरतें मंदावतें हें दाखविलें होतें.

खरी मेख थांबण्यांत आहे. पडलेली वस्तु किती जोरानें थांबते हें काढण्याची रीति सोपी आहे: पडण्याच्या उंचीला थांबण्यास लागलेल्या अंतरानें भागावें, म्हणजे गुरुत्वाच्या किती पट आघात झाला तें येतें. यंत्र पांच सेंटिमीटरांवरून गोधडीवर पडलें व दोन सेंटिमीटर दबून थांबलें, तर आघात अवघा अडीच पट. तेंच सागवानी मेजावर पडून पाव मिलिमीटरांत थांबलें, तर सरासरी २०० पट, आणि क्षणिक कमाल त्याहून बरीच अधिक. लॅपटॉपांतील डिस्क चालू असतां सुमारें ३०० ते ४०० पट व बंद असतां सुमारें ८०० ते १,००० पट क्षणिक आघात सोसते, असें उत्पादकांच्या माहितीपत्रकांत साधारणतः आढळतें. बंद स्थितींतील हें बळ येतें कोठून? तबकडीच्या कांठाबाहेर एक लहानशी उतरण असते. यंत्र थांबतांना हेड तिच्यावर जाऊन बसतें. मग आघात झाला तरी तें तबकडीवर आपटत नाहीं.

२००३ पासून कांहीं लॅपटॉपांत पडण्याची जाणीव होतांच हेड उतरणीवर नेणारी योजना आली. ती उपकारक खरी, पण तिची मर्यादा वाचकांनीं पाहावी. पाऊण मीटर उंचीच्या मेजावरून पडण्यास सुमारें ०.४ सेकंद लागतो; पांच सेंटिमीटरांवरून ०.१ सेकंदच. उंचावरून पडतांना सावध होण्यास जेवढी सवड मिळते तेवढी थोडक्या उंचीवरून मिळत नाहीं. म्हणून यंत्राची एक बाजू उचलून सोडून देणें, किंवा उभी ठेविलेली सुटी डिस्क मेजावर आडवी कोसळूं देणें, हीं आम्हांस जिना चढण्याहून अधिक घातक वाटतात. मेजावर ठेवावयाची मोठी साडेतीन इंची डिस्क तर चालू असतां बहुधा ७० पटींच्या आसपासच आघात सोसते. तिला चालू असतां हातच लावूं नये.

झांकण मिटलें म्हणजे यंत्र निजलें असेंही नव्हे. कित्येक यंत्रें तशींच चालू राहतील अशी व्यवस्था केलेली असते, आणि तीं पिशवींत तापत, धक्के खात एस. टी. नें प्रवास करतात. यंत्र रीतसर बंद करावें व तबकडी थांबण्यास दहा-पंधरा सेकंद द्यावे. सुट्या डिस्कची तार लेखन चालू असतां ओढूं नये. अशा वेळीं फिरत्या तबकडीच्या उरल्यासुरल्या गतीपासून वीज उत्पन्न होऊन हेड उतरणीवर ओढलें जातें, ही युक्ति मोठी चतुर आहे. परंतु अर्धवट लिहिलेलें पान ती पुरें करीत नाहीं.

अलीकडील बहुतेक लॅपटॉपांत तबकडी नसतेच. त्यांत विद्युद्भारानें लेखन धरणारी एस. एस. डी. असते. तिला हें भय नाहीं. मात्र तिच्यावरील लेखन विजेवांचून वर्षानुवर्षें कपाटांत टिकेल असा भरंवसा धरतां येत नाहीं. म्हणून जुनी हार्ड डिस्क दुसऱ्या प्रतीसाठीं आमच्या संग्राहकांकडे अजून राहणारच.

धक्क्यानंतर डिस्कमधून एकसारखा टक् टक् आवाज येऊं लागल्यास ती तत्काळ बंद करावी. हेडाखालीं ओरखडा पडला असेल तर प्रत्येक फेऱ्यागणिक तो वाढतो व निघालेली धूळ इतरत्र पसरते. डबी घरीं उघडूं नये. निर्धूळ खोलीची सोय असलेल्या जाणत्याकडेच ती न्यावी, आणि नेतांना कापसांत गुंडाळावी.