जपानी पॉपमधील जॅझचा माग

जपानी पॉप संगीताकडे बाहेरचा श्रोता आज बहुधा यूट्यूबच्या शिफारशींमुळे वळतो, आणि त्या शिफारशी त्याला हटकून ‘सिटी पॉप’पाशी, म्हणजे 1980च्या आसपासच्या सुबत्तेच्या काळातील शहरी, घोटीव ध्वनिमुद्रणाच्या गाण्यांपाशी नेऊन सोडतात. मिकी मात्सुबारा यांचे ‘मायोनाका नो दोआ’ (1979) आणि मारिया ताकेउची यांचे ‘प्लॅस्टिक लव्ह’ (1984) ही गाणी अनेक दशकांनी जगभर पसरली ती याच वाटेने. गाणी उत्तमच आहेत. परंतु श्रोता तिथेच घुटमळतो आणि नवे म्हणून त्याच्या हाती लागते ते पुष्कळदा जुन्याचेच अनुकरण असते. जपानी पॉपमध्ये जॅझ मुरला आहे तो मुख्यतः कॉर्डांमध्ये आणि साथीच्या वादकांमध्ये, त्यामुळे नव्याचा शोधही तिथूनच घेतलेला बरा.

हे मुरणे बरेच जुने आहे. र्‍योइची हात्तोरी यांनी 1937 साली गायिका नोरिको आवाया यांच्यासाठी ‘वाकारे नो ब्लूज’ रचले. पुढे युद्धकाळात जॅझ हे शत्रूचे संगीत ठरून त्यावर बंदी आली, आणि युद्ध संपताच अमेरिकी लष्करी तळांवरील क्लबांत वाजवून जपानी वादकांची एक पिढी तयार झाली. हात्तोरींच्याच ‘टोकियो बूगी-वूगी’ने शिझुको कासागी यांना घराघरांत पोहोचवले. (मुंबईत सी. रामचंद्र गोमंतकीय वादकांना हाताशी धरून ‘अलबेला’ची गाणी करत होते, तो काळही जवळपास हाच.)

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारा स्वरांचा समूह. साध्या पॉप गाण्याचे तीन स्वरांच्या कॉर्डवर भागते; जॅझमध्ये त्यात चौथा स्वर मिसळतो आणि रंग संदिग्ध होतो. शीना रिंगो यांच्या ‘मारुनोउची सॅडिस्टिक’ (1999) या गाण्यातील चार कॉर्डांचा क्रम जपानमध्ये इतका रुळला की त्या क्रमाला या गाण्यावरूनच नाव पडले, जरी ‘जस्ट द टू ऑफ अस’ या आधीच्या अमेरिकी गाण्यातही त्याचीच बैठक असली तरी. सरगमच्या भाषेत मांडायचे तर आधी म-ध-सा-ग, मग ग-कोमल ध-नी-रे, नंतर ध-सा-ग-प आणि अखेर सा-ग-प-कोमल नी. दुसऱ्या कॉर्डमधला कोमल धैवत तिसऱ्यातल्या शुद्ध धैवताकडे ओढ घेतो, तर चौथ्यातला कोमल निषाद पुन्हा पहिल्या कॉर्डकडे लोटतो. त्यामुळे हे चक्र कुठेही विसावत नाही, आणि नेमकी हीच अस्वस्थता त्या गाण्यांची गोडी आहे. हा क्रम एकदा कानात बसला की आजच्या कितीतरी जपानी गाण्यांत तो आपसूक ओळखू येतो.

गेल्या दशकातील बँडमध्ये सचमॉस हे नावच लुई आर्मस्ट्राँग यांच्या ‘सॅचमो’ या टोपणनावावरून आलेले. त्यांचे ‘स्टे ट्यून’ (2016) नवख्यालाही चटकन भावते. सेरो या बँडचा ‘ऑब्स्क्युअर राइड’ (2015) हा अल्बम मात्र पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाही, कारण त्यातील ठेका हेतुपुरस्सर किंचित मागे रेंगाळतो. पण सबुरीने ऐकणाऱ्यासाठी तोच अधिक मोलाचा.

साथीदारांचा माग काढण्याची रीत एका ड्रमवादकावरून स्पष्ट होते. ‘ब्लू जायंट’ (2023) या जॅझविषयक चित्रपटात ड्रम शिकू पाहणाऱ्या नवशिक्या तामादाचे वादन प्रत्यक्षात शुन इशिवाका यांचे आहे, आणि टोकियो कला विद्यापीठात तालवाद्ये शिकलेल्या या निष्णात वादकाला तिथे आधी चुकत, अडखळत वाजवावे लागले. हेच इशिवाका कुरुली या रॉक बँडला साथ करतात आणि दाइकी त्सुनेता यांच्या मिलेनियम परेड या समूहातही वाजवत आले आहेत. त्या समूहाने ‘बेल’ (2021) या ॲनिमेशनपटासाठी ‘यू’ हे गीत केले, ते गायले काहो नाकामुरा यांनी. आणि नाकामुरा यांचा ‘आइनो’ (2018) हा अल्बम ‘सिटी पॉप’च्या शिफारशींत सहसा आढळत नाही.