घोषणांचा हंगाम

फुटबॉल म्हटले की गोमंतकीयाच्या डोळ्यांपुढे पायांनी खेळावयाचा चेंडू उभा राहतो. अमेरिकेत याच नावाचा खेळ निराळा आहे. लंबगोल चेंडू हातांत घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत मुसंडी मारणे, हे त्याचे सूत्र. या दांडग्या खेळाला छताखाली आणणाऱ्या ‘अरेना फुटबॉल लीग’ या व्यावसायिक संघटनेचा २०२४ चा हंगाम ज्या रीतीने पार पडला, त्याची कथा फुटबॉलवेड्या आमच्या प्रदेशाने समजून घ्यावी अशी आहे.

जिम फॉस्टर या गृहस्थांना १९८१ साली बंदिस्त सभागृहातील सॉकरचा सामना पाहताना ही कल्पना सुचली, आणि तिचा पहिला आराखडा त्यांनी हातातील एका पाकिटावरच रेखाटला. १९८७ साली चार संघांनिशी पहिला हंगाम झाला. शंभर यार्डांचे मैदान पन्नासावर आले, अकरा खेळाडूंचे आठ झाले. दोन्ही टोकांना उंच जाळ्या बांधल्या; त्यांवर आदळून परतलेला चेंडूही खेळात धरला जाई. प्रेक्षक मैदानाच्या कडेला इतके जवळ बसत की खेळाडू कठड्यावर आदळे तो त्यांच्या पुढ्यातच.

हा खेळ केवळ गंमतीचा होता असे कोणी समजू नये. मोठ्या संघांनी नाकारलेल्यांचा तो आसरा होता. कर्ट वॉर्नर हा तरुण १९९४ साली आयोवातील एका किराणा दुकानात रात्रपाळीने फळ्यांवर माल रचीत होता. १९९५ पासून तो ‘आयोवा बार्नस्टॉर्मर्स’ या संघातून खेळला, आणि जानेवारी २००० मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्याचा, म्हणजे सुपर बोलचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. एक उपेक्षित आखाडा काय करू शकतो, याचा याहून चांगला दाखला कोणता?

तथापि, हिशेबाचे गणित या संघटनेला कधीच साधले नाही. २००९ चा हंगाम रद्द झाला व दिवाळे निघाले. पुनरुज्जीवनानंतर २०१९ च्या अखेरीस पुन्हा तेच झाले. मग २०२३ साली नव्या चालकांनी सोळा शहरांच्या नावांसह पुनरागमनाची दवंडी पिटली. २७ एप्रिल २०२४ च्या सुमारास खेळ सुरू झाला, आणि काही आठवड्यांतच सामने रद्द होऊ लागले, संघ गळू लागले. कबूल केलेला पैसा मध्यवर्ती मंडळाकडून पोहोचत नाही, असे संघचालक उघडपणे सांगू लागले. मे महिन्यात आयुक्तांना दूर करण्यात आले आणि जेफ फिशर या जुन्याजाणत्या प्रशिक्षकांनी तात्पुरती धुरा उचलली. हंगाम संपला तेव्हा मूळच्या सोळांतले बरेच संघ उरलेच नव्हते.

तरीही अंतिम सामना झाला. १९ जुलै रोजी न्यू जर्सीतील एका भव्य व्यापारी संकुलात, कोणाही स्पर्धकाच्या गावी नव्हे, मोंटाना राज्यातील बिलिंग्जच्या संघाने ऑल्बनीचा ४६–४१ असा पराभव केला. ज्यांच्या हाती व्यवस्था होती त्यांनी आपले वचन पाळले नाही; ज्यांच्या हाती केवळ चेंडू होता त्यांनी मात्र ते शेवटपर्यंत पाळले. या दोन ओळींतच त्या हंगामाचे सार आम्हांस दिसते.

आम्ही या दूरदेशीच्या कथेकडे त्रयस्थपणे पाहू शकत नाही. देशाच्या लीग स्पर्धांची रचना वरून बदलू लागली, तेव्हा तिचा निषेध म्हणून गोव्यातील साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे क्लब २०१६ साली आय-लीगमधून बाहेर पडले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रेमावर उभ्या असलेल्या क्लबांना न विचारता वरून कागदी मनोरे रचले जातात, तेव्हा काय होते, हे आम्हांला अमेरिकेकडून शिकण्याची गरज नव्हती.

बिलिंग्ज आणि ऑल्बनी हे दोन्ही संघ २०२५ मध्ये ‘अरेना फुटबॉल वन’ या नव्या संघटनेत पुन्हा मैदानात उतरले. संघटनेचे नाव बदलले, पण त्या गावांतील संघ उभे राहिले. खेळाच्या कारभाऱ्यांनी सोळा नावांची यादी छापण्यापूर्वी अशी दोन गावे जपण्याची शिकस्त करावी, एवढेच आमचे मागणे आहे.