अदृश्यतेचे आशयसूत्र आणि 'मिस्टर इंडिया'

शेखर कपूर यांनी दिग्दर्शित केलेला 'मिस्टर इंडिया' हा हिंदी चित्रपट १९८७ साली प्रदर्शित झाला. त्याची पटकथा सलीम-जावेद यांची. लहान मुलांचे रंजन म्हणून पाहिला गेलेला हा चित्रपट पुढील पिढ्यांनाही आपलासा वाटत राहिला. या लोकप्रियतेचे श्रेय सामान्यतः अमरीश पुरी यांनी साकारलेल्या मोगॅम्बोला, श्रीदेवी यांच्या विनोदी अभिनयाला आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीताला दिले जाते. ते रास्तच आहे. तथापि अदृश्य माणसाच्या प्राचीन आशयसूत्रात या चित्रपटाने केलेला पालट लक्षात घेतल्यावाचून त्याचे आकर्षण पुरते उलगडत नाही.

या आशयसूत्राची दोन जुनी रूपे येथे उपयुक्त ठरतात. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मधील कथेत लिडियातील एका मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते. तिच्या बळावर तो राणीला वश करतो, राजाचा वध करतो आणि राज्य बळकावतो. शिक्षेचे भय उरले नाही तर माणूस न्यायाने वागेल काय, हा तेथील प्रश्न आहे. दुसरी कथा नागार्जुनाची. कुमारजीवाच्या नावावर असलेल्या चिनी चरित्रानुसार तरुण नागार्जुन आणि त्याचे तीन मित्र औषधाच्या प्रभावाने अदृश्य होऊन राजाच्या अंतःपुरात शिरतात. तेथे पसरलेल्या बारीक वाळूत त्यांची पावले उमटतात. मित्र मारले जातात. नागार्जुन बचावतो आणि वासना हेच दुःखाचे मूळ, हे उमगून विरक्त होतो.

एच. जी. वेल्स यांच्या १८९७ च्या कादंबरीत अंगठी आणि औषध यांची जागा प्रकाशाच्या वक्रीभवनाने घेतली. नैतिक रचना मात्र तीच राहिली. शास्त्रज्ञ ग्रिफिन अदृश्य होतो, दहशतीचे राज्य उभारण्याची स्वप्ने पाहतो आणि जमावाच्या हातून मारला जातो. लंडनच्या रस्त्यावर त्याला उघडे पाडतात ती चिखलाची पावले; जेम्स व्हेल यांच्या १९३३ च्या चित्रपटात ती बर्फावर उमटतात. या साऱ्या कथांत अदृश्य होणारा माणूस मुळात समाजाला दिसत असतो. लोकांच्या नजरेतून सुटणे म्हणजे मर्यादेतून सुटणे, असे समीकरण त्यांत गृहीत आहे.

'मिस्टर इंडिया'त हे समीकरण उलटते. मुंबईत समुद्रकाठच्या भाड्याच्या घरात अनाथ मुलांना सांभाळणारा अरुण वर्मा यंत्र हाती येण्यापूर्वीच कुणाच्या खिजगणतीत नाही. देणेकऱ्यांना त्याची थकबाकी तेवढी दिसते. त्याच्याच घरात भाड्याने राहणारी पत्रकार सीमा अदृश्य मिस्टर इंडियावर प्रेम करते, पण समोरच्या अरुणमध्ये तिला तो ओळखू येत नाही. अदृश्यता त्याला समाजापासून तोडत नाही. उलट समाजात प्रथमच त्याच्या शब्दाला वजन येते. तो धारण करतो ते नावही व्यक्तीचे नाही, देशाचे आहे. या संक्रमणाला एक चित्रपटीय वारसाही आहे. १९५७ च्या 'मिस्टर एक्स'मध्ये अदृश्य होणाऱ्या नायकाची भूमिका अशोककुमार यांनी केली होती. येथे तेच वृद्ध प्राध्यापकाच्या भूमिकेत अरुणला त्याच्या वडिलांच्या संशोधनापर्यंत पोहोचवतात.

विज्ञानकथा म्हणून मात्र या चित्रपटावर आक्षेप घेता येतो. कथेतील विज्ञान सुसंगत आणि कथानकाला अपरिहार्य असावे, हा जयंत नारळीकर यांच्या लेखनाने मराठीत रुजवलेला निकष लावल्यास मनगटावरचे यंत्र टिकत नाही. लाल प्रकाशात अदृश्य माणूस दिसतो, यालाही भौतिकीचा आधार नाही. परंतु नितळ पारदर्शक डोळ्यांना स्वतःलाच काही दिसू नये, हा आक्षेप वेल्स यांच्या कादंबरीलाही लागू पडतो. तेव्हा लाल प्रकाशाचे कथेतील कार्य पाहणे अधिक फलदायी ठरते. वाळूतील किंवा बर्फातील पावलाने अपराधी सापडत असे. लाल प्रकाशात रक्षणकर्ताच अपराध्यांच्या हाती लागण्याचा धोका निर्माण होतो. जुनी खूण कायम राहते, तिची नैतिक दिशा बदलते. हनुमानाच्या मूर्तीच्या प्रसंगात तर यंत्राची करामत दैवी चमत्काराचे रूप घेते आणि विज्ञानकथा पुराणकथेला बिनदिक्कत मिळते.

अखेरीस मुलांच्या जिवासाठी अरुण स्वतःची ओळख उघड करतो, तेव्हा यंत्र त्याच्यापाशी नसते. आपणच मिस्टर इंडिया आहोत हे त्याला सिद्ध करता येत नाही. पुढे तो मोगॅम्बोशी लढतो तो दृश्य देहानेच. ग्रिफिनचा देह मृत्यूनंतर दिसू लागतो. अरुण जिवंतपणी दिसू लागतो. या फरकात चित्रपटाचे बळ आहे, तशी त्याची मर्यादाही आहे. कायद्याबाहेर राहून न्याय करणारा सामान्य माणूस सज्जनच राहील, असे तो धरून चालतो. प्लेटोचा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. मात्र ज्या प्रेक्षकाला आपण कुणाच्या नजरेत नाही असे वाटत आले, त्याचा प्रश्नच वेगळा आहे: आपण कधी दिसू लागणार? या प्रश्नाला चित्रपटाने दिलेले आश्वासन हे त्याच्या चिरंतन आकर्षणाचे प्रमुख कारण होय.