ओगाचा हिवाळा : गडगडाटाचा मासा आणि पेंढ्यातले देव

जपान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चेरीचा बहर आणि फुजी पर्वत उभा राहतो. कारखान्यांचा जपानही आपल्याला वर्तमानपत्रांतून ठाऊक असतो. परंतु होन्शू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, बर्फाखाली दबलेला, कोळ्यांचा आणि शेतकऱ्यांचा जपान आपल्या वाचनात क्वचितच येतो. या किनाऱ्याच्या उत्तर भागात अकिता नावाचा प्रांत आहे. त्याचा एक तुकडा मुठीसारखा समुद्रात घुसला आहे, तो ओगा द्वीपकल्प. तेथील ओगा शहराची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत पंचवीस हजारांच्या आसपास होती. म्हणजे आपल्या हिशेबाने एखादे तालुक्याचे गावच.

येथील हिवाळा मोठा कडक. सैबेरियावरून सुटलेले थंडगार वारे जपानच्या समुद्रावरून येताना तेथील उबदार प्रवाहाची वाफ उचलतात आणि ती किनाऱ्यावर बर्फाच्या रूपाने रिती करतात. गंमत म्हणजे या भागात ढगांचा गडगडाट आपल्यासारखा वळवाच्या वेळी नव्हे, तर ऐन थंडीच्या तोंडाशी ऐकू येतो. नोव्हेंबर सरता सरता आकाश गरजू लागले की ओगाचे लोक म्हणतात, 'हाताहाता' आला!

हाताहाता हा वीतभर लांबीचा, अंगावर एकही खवला नसलेला मासा. एरवी तो दोन-अडीचशे मीटर खोल पाण्यात राहतो. डिसेंबरात मात्र अंडी घालण्यासाठी तो थव्याथव्याने अगदी किनाऱ्यालगतच्या शेवाळात येतो. त्याचे नाव लिहिण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत 'मासा' या चिन्हाशेजारी 'गडगडाट' हे चिन्ह येते, तर दुसरीत 'देव' हे चिन्ह. शेते बर्फाखाली गेल्यावर आयते दारात येणारे अन्न देवाने धाडले असे वाटले, तर त्यात नवल ते काय?

या माशाच्या गाभोळीला तेथे 'बुरिको' म्हणतात. ती चिकट आणि टणक असते, दाताखाली कडकड वाजते. मासा भाजून खातात. परंतु खरी मौज आंबवण्यात आहे. मासा आणि मीठ पिंपात घालून वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ ठेवले की तो विरघळून त्याचा तांबूस रस उतरतो. हा 'शोत्सुरु'. त्याचा वास प्रथम नाकाला झोंबतो, पण थेंबभर कालवणात पडला की साऱ्या पातेल्याची चव पालटते. पूर्वी मोठ्या शिंपल्याचेच भांडे करून, तो निखाऱ्यांवर ठेवून, त्यात हा रस, मासा, टोफू आणि कांद्याची पात शिजवीत. शिवाय 'हाताहाता-झुशी' हा नववर्षाचा खास पदार्थ. खारवलेला मासा, भात, भाताला आंबवणारी 'कोजी' नावाची बुरशी, गाजर आणि सलगम यांचे थर लाकडी पिंपात रचून वर दगड ठेवायचा आणि काही आठवडे वाट पाहायची. आपल्याकडे दिवाळीच्या फराळावरून घराची परीक्षा होते, तशी तेथे या पिंपावरून होते.

हा मासा इतका मुबलक मिळे की लोक तो खोक्यांनी विकत घेत. १९६८ साली अकिताच्या कोळ्यांनी वीस हजार टनांहून अधिक हाताहाता पकडला. १९७५ नंतर आकडा झपाट्याने घसरला आणि १९९१ मध्ये तो सत्तर टनांच्या आसपास आला. बेसुमार मासेमारी हे याचे एक कारण. अंडी घालण्याच्या शेवाळाच्या जागा कमी होणे आणि पाण्याचे तापमान बदलणे ही कारणेही सांगितली जातात.

अशा वेळी अकिताच्या कोळ्यांनी जे केले, ते मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत मोलाचे वाटते. सप्टेंबर १९९२ पासून तीन वर्षे हाताहाता मुळीच पकडायचा नाही असे त्यांनी आपसांत ठरविले. ही सरकारी हुकमाने लादलेली बंदी नव्हती. गावोगाव बैठका झाल्या, वादही झाले. शेजारच्या प्रांतांनी अशी बंदी पाळलेली नव्हती, तेव्हा 'आपण सोडलेला मासा दुसऱ्यांनी पकडायचा काय?' हा प्रश्न काही खोटा नव्हता. ज्याच्या घरची डिसेंबरची सारी कमाई या माशावर, त्याला तीन हिवाळे हात बांधून समुद्राकडे पाहात बसणे म्हणजे काय असेल, याची कल्पना करावी. तरीही बंदी पाळली गेली. १९९५ च्या हंगामापासून मासेमारी पुन्हा सुरू झाली, पण समुद्रात किती मासा असावा याचा अंदाज घेऊन त्याच्या निम्माच पकडायचा, या अटीवर. १९९९ मध्ये शेजारच्या तीन प्रांतांशी करार होऊन पंधरा सेंटिमीटरांहून लहान मासा पकडू नये असे ठरले. २००४ च्या सुमारास आकडा पुन्हा तीन हजार टनांवर गेला.

आता त्याच हिवाळ्यातील दुसऱ्या पाहुण्यांकडे वळू. ३१ डिसेंबरच्या रात्री ओगाच्या घरोघरी 'नामाहागे' येतात. अंगावर भाताच्या पेंढ्याचा झगा, तोंडावर अक्राळविक्राळ मुखवटा, हातात लाकडी सुरा. ते पाय आपटीत आणि आरोळ्या ठोकीत घरात शिरतात : रडकी पोरे आहेत का? आळशी सून आहे का? मुले किंचाळत आईच्या मागे दडतात. घरचा कर्ता पुरुष मात्र नीटनेटक्या पोशाखात पुढे होतो, पाहुण्यांना पानावर बसवितो, साके पाजतो आणि 'आमची मुले गुणी आहेत हो' अशी रदबदली करतो. नामाहागे हा निव्वळ बागुलबुवा नव्हे. तो डोंगरावरून येणारा देव आहे. घराला आरोग्य आणि शेताला पीक देऊन जातो. त्याच्या झग्यातून गळलेल्या काड्या लोक जपून ठेवतात.

नावाची व्युत्पत्तीही मजेदार आहे. कामधंदा टाकून आगटीपाशी शेकत बसणाऱ्याच्या पायांवर जे डाग पडतात, त्यांना तेथील बोलीत 'नामोमी' म्हणतात. ते खरवडून काढणारा तो नामाहागे. (परीक्षेच्या महिनाभर आधी त्याने आमच्या वसतिगृहात एक फेरी मारावी, अशी माझी सूचना आहे.) सुगाए मासुमी या प्रवाशाने १८११ मध्ये ही प्रथा सचित्र नोंदवून ठेवली आहे. त्या काळी ती चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यातील पौर्णिमेच्या सुमारास होई. २०१८ साली जपानमधील अशा दहा प्रथांचा युनेस्कोच्या वारशाच्या यादीत एकत्रित समावेश झाला. त्यांत नामाहागे आहे.

मुखवटे धारण करण्याचा मान पूर्वी गावच्या अविवाहित तरुणांचा असे. आज तरुण शहरांकडे गेले आहेत. ओगात शंभराहून अधिक वस्त्या, पण त्यांतील पुष्कळ ठिकाणी प्रथा बंद पडली. कोठे प्रौढ गृहस्थ पेंढा अंगावर चढवितात, तर कोठे बाहेरून शिकायला आलेले विद्यार्थी, त्यांत परदेशीही, नामाहागे होतात. ज्या घरात घाबरायला मूलच नाही, तेथे हे देव म्हाताऱ्या आजीची विचारपूस करून आणि तब्येत सांभाळायला बजावून पुढे जातात.

आणि समुद्राकडून येणारा पाहुणा? गेल्या काही वर्षांत हाताहाता पुन्हा दिसेनासा होत चालला आहे. २०२४ च्या हंगामातील आकडा तर १९९१ च्याही खाली गेला. पाणी तापू लागल्याचे कारण या वेळी अधिक जोराने पुढे येते. मागील संकटात जाळे आवरून धरणे कोळ्यांच्या हाती होते. समुद्राचे तापमान त्यांच्या हाती नाही. तरीही वर्षअखेरीस घरोघरी पिंपे धुतली जातात, मिळेल तेवढा मासा मिठात पडतो, आणि गडगडाट झाला की म्हातारे कोळी दारात येऊन समुद्राकडे पाहतात.